भोजराजची टाच

भोजराज शहारेला कोचीच्या संघाकडे पाठवायचं की ठेवून घ्यायचं, यावर जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहाला बसलेली बैठक साडेबारा वाजले तरी उठायचं नाव घेत नव्हती.

नागपूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. तिथून खालचं मैदान पूर्ण दिसायचं. खाली 'विदर्भ सारस'चे खेळाडू सराव करत होते आणि त्या घोळक्यात भोजराज लगेच ओळखू येत होता. सहा फूट अकरा इंच उंची, दारभर रुंद पाठ, आणि एवढं धिप्पाड शरीर असूनही पावलं मात्र हलकी. आठ संघांच्या या लीगमध्ये गेली सहा वर्षं बास्केटला आपटून परत येणारे चेंडू त्याच्याइतके कुणीच पकडले नव्हते.

"पण तो आता एकतीसचा झालाय," व्यवस्थापक प्रसन्न खानझोडे तिसऱ्यांदा म्हणाले. "आणि खेळ बदललाय, मॅडम. आता सगळे पळतात. हा मागं पोचेपर्यंत समोरचे बास्केट करून मोकळे झालेले असतात. कोचीवाले त्याच्या बदल्यात बावीस वर्षांचा एबिन देताहेत. वारा आहे तो पोरगा. आपण तिसऱ्या नंबरावर अडकून पडलोय. अजून कशाची वाट बघायची?"

मुख्य प्रशिक्षक संयोगिता झाडे काचेतून खाली बघत होत्या. एकावन्न वर्षांच्या संयोगिताबाई स्वतः अकरा वर्षं देशाच्या संघातून खेळलेल्या. बोलणं मोजकं, पण एकदा बोलल्या की मागं घ्यायची सवय नाही.

"भोजराज बास्केटखाली उभा असला की समोरचे आत घुसायला धजत नाहीत," त्या म्हणाल्या. "जे घुसलेच नाहीत, त्यांची नोंद तुमच्या तक्त्यात कुठे असते?"

"नसते. पण तो बाकावर असताना आपण जास्त गुण करतो, याची असते."

"आणि जास्त देतोही."

खरं सांगायचं तर संयोगिताबाईंच्या मनातही दोन पक्ष होते. संघाला चेंडू घेऊन पळणारा वेगवान गार्ड हवा होता, हे त्यांनीच हंगामाच्या सुरुवातीला लिहून दिलं होतं. पण पंधरा वर्षांपूर्वी साकोलीच्या तालुका पातळीवरच्या व्हॉलीबॉल स्पर्धेत अनवाणी खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या भोजराजला त्यांनीच हेरलं होतं, त्याच्या वडिलांची समजूत घालून नागपूरला आणलं होतं, आणि बास्केटबॉल हातात कसा धरायचा इथपासून शिकवलं होतं. खानझोडेंना हे ठाऊक होतं.

"तुम्ही त्याला शोधलात म्हणून तुम्हाला तो सोडवत नाही," ते म्हणाले.

"असेलही," संयोगिताबाई म्हणाल्या. "म्हणून तर अजून सही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही."

लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या कागदावर व्यवस्थापक आणि मुख्य प्रशिक्षक अशा दोघांच्या सह्या लागत. मुदत होती शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर डॉ. नाझनीन काझी इतका वेळ गप्प बसून होत्या. त्यांनी लॅपटॉप बंद केला. "तुम्हा दोघांशी मला थोडं बोलायचंय. फक्त तुम्हा दोघांशी. बाकीच्यांना चहाला जाऊ द्या."

---

डॉ. काझींचं शिक्षण पुलांचं. झुलत्या पुलांच्या पोलादी दोरांना त्या कान लावत असत. पुलाचा दोर हजारो तारांचा पीळ असतो. तो एकदम तुटत नाही. आधी आतली एक तार तुटते, मग दुसरी, आणि दर वेळी एक बारीकसा आवाज होतो. तो माणसाला ऐकू येत नाही, कारण आपला कान जिथं थांबतो त्याच्या कितीतरी वर त्याचा सूर असतो. पण दोराला संवेदक चिकटवला की तो आवाज टिपतो. कुठला पूल आतून झिजतोय, हे त्याला तडा दिसण्याआधी कितीतरी महिने कळतं.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या मनात आलं, माणसाच्या शरीरातही असेच दोर आहेत. स्नायू हाडाला जिथं बांधलेला असतो तो दोर म्हणजे कंडरा. सगळ्यांत जाड कंडरा टाचेच्या मागं. उडी मारून खाली येताना तिच्यावर शरीराच्या सातआठपट भार येतो. तीही धाग्यांचीच असते, आणि तिचेही धागे तुटतात. तुमचे, माझे, सगळ्यांचेच. फरक एवढाच की कंडरा जिवंत असते. दिवसा तुटलेले धागे ती पुढच्या दोनतीन दिवसांत पुन्हा विणून काढते. तुटणं आणि विणणं यांचा मेळ असतो तोवर माणसाला काही जाणवत नाही. एमआरआयमध्ये दिसतो तो दोराचा आकार. तुटण्याचा वेग त्यात दिसत नाही.

डॉ. काझींनी केलेली पट्टी तो वेग ऐकत होती. टाचेच्या वर बांधायची, मोज्याइतकी पातळ. या लीगमध्ये ती यंदा पहिल्यांदाच, चाचणीसाठी, फक्त सारसच्या बारा खेळाडूंना दिली होती.

"धडधाकट खेळाडूच्या टाचेत तासाभराच्या सरावात दोनअडीचशे धागे तुटतात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आवाज शांत झालेला असतो. भोजराजच्या डाव्या टाचेत ताशी एकोणीसशे आहेत. आणि सकाळी तो नुसता चालला तरी आवाज चालूच असतो. विणकाम मागं पडलंय."

"म्हणजे काय होणार?" खानझोडेंनी विचारलं.

"सहा वर्षांत आम्ही प्रयोगशाळेत निरनिराळ्या खेळांतल्या सहाशे खेळाडूंच्या टाचा ऐकल्या. इतका आवाज करणाऱ्या दर पाचांपैकी चौघांची कंडरा चाळीस सामन्यांच्या आत तुटली. साफ, दोन तुकडे. एकतिसाव्या वर्षी, या वजनाच्या माणसाची अशी तुटली तर तो पुन्हा या पातळीवर खेळत नाही."

"एमआरआय काय म्हणतो?"

"स्वच्छ आहे."

खानझोडेंनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लीगचा नियम एमआरआय द्या म्हणतो. पट्टीचं कुठं काही लिहिलेलं नाही. ही चाचणी आहे, वैद्यकीय अहवाल नाही. बरोबर ना, डॉक्टर?"

"कागदोपत्री बरोबर," डॉ. काझी म्हणाल्या.

"मग वादच मिटला. शुक्रवारपर्यंत पाठवून देऊ."

संयोगिताबाई उठल्या. "वाद आत्ता सुरू झाला," त्या म्हणाल्या. "आधी हे भोजराजला सांगते. टाच त्याची आहे."

---

बुधवारी सकाळी स्टेडियमबाहेरच्या टपरीवर भोजराज तर्री-पोहे खात होता. पहिली प्लेट संपली होती, दुसरी आली होती. संयोगिताबाई त्याच्या समोर बसल्या आणि काही न लपवता, डॉ. काझींनी सांगितलं तसंच सगळं सांगितलं.

भोजराजनं वाकून स्वतःच्या टाचेकडे पाहिलं. अंगठ्यानं मागची शीर चाचपली.

"मले काही दुखून नाही राहिलं जी," तो म्हणाला. "सकाळी उठल्यावर चार पावलं जड जाते. तेवढं तर सगळ्याचंच होते."

"तेवढंच ऐकू येतंय त्या पट्टीला."

"कोचीले सांगितलं का?"

"नाही."

"मग नका सांगू." त्यानं प्लेट बाजूला सारली. "मॅडम, ते मले चार वर्षांचा करार देऊन राहिले. चार वर्षं! इथला माझा एप्रिलमध्ये संपते. त्याच्यानंतर मले कोण ठेवन? पाचातले चार जाते म्हणता ना तुमी, म्हणजे एक तर वाचतेच. तो एक मी आहो असं समजा ना."

संयोगिताबाईंना याची अपेक्षा नव्हती. रात्रभर त्यांनी मनात तयारी केली होती ती त्याला धीर द्यायची. तो सौदा करेल असं वाटलंच नव्हतं.

"शायनीला ओळखतोस ना? कोचीची प्रशिक्षक. देशाच्या संघात ती सहा वर्षं माझ्या खोलीत होती. मी सही करायची आणि तिनं डोळे झाकून तुला घ्यायचं, हे व्हायचं नाही."

"सगळे असंच करते मॅडम. कोण सांगते इथं?"

"मी सांगते. पण तुझ्या शरीराची गोष्ट तुझ्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगणार नाही. म्हणून तुझ्यापुढं दोन वाटा आहेत. तू स्वतः शायनीला फोन करून सांग. तरीही ती घेते म्हणाली तर मी दोन्ही हातांनी सही करीन. नाही सांगितलंस, तर मी सही करणार नाही. तू इथंच राहशील आणि टाच बरी होईपर्यंत खेळणार नाहीस. तिसरी वाट माझ्याकडे नाही."

"आणि ते यंत्र चुकलं असन तर?"

"तर वर्षभर फुकट बसलास."

"आणि बरोबर असन तर?"

"तरी वर्षभर बसशील."

भोजराज हसला, पण त्या हसण्यात आपलेपणा नव्हता. "म्हणजे कसंही केलं तरी मीच बसतो." तो उठला. टपरीचं छत त्याच्या डोक्याला लागू नये म्हणून सवयीनं वाकला आणि निघून गेला. दुसरी प्लेट तशीच राहिली.

---

गुरुवारी दुपारी शायनीचाच फोन आला.

"संयो, तीन दिवस झाले. तुझी सही का येत नाही?"

"मी त्याला देत नाहीये."

"का? एबिन नको? आणखी कुणी देऊ?"

"एबिन चांगला आहे. मी भोजराजला देत नाहीये, एवढंच."

शायनी मूर्ख नव्हती. "त्याला काही झालंय का?"

संयोगिताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. हो म्हटलं तर भोजराजचा विश्वासघात, नाही म्हटलं तर शायनीशी खोटं.

"त्याच्याबद्दल काही विचारायचं असेल तर त्याला विचार," त्या म्हणाल्या. "मला विचारशील तर उत्तर एवढंच."

"हे उत्तर नाही, संयो."

"माझ्याकडे दुसरं नाही."

"सहा वर्षं एका खोलीत राहिलो आपण. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुला आंघोळ मी घातली आहे." शायनीचा आवाज कोरडा झाला. "ठीक आहे. मी बास्केटखाली उभा राहायला दुसरा सेंटर बघते." फोन बंद झाला.

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत संयोगिताबाईंनी भोजराजच्या फोनची वाट पाहिली. तो आला नाही. साडेपाचला खानझोडे कागद घेऊन आत आले आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. कागदावर त्यांची सही झाली होती.

"शेवटचं विचारतो."

"शेवटचं सांगते. नाही."

"मालकांना काय सांगू? मोडकळीला आलेला खेळाडू विकायची संधी होती, ती आपण सोडली?"

"सांगा, झाडेबाईंनी अडवलं. आणि आणखी एक सांगा. एप्रिलमध्ये भोजराजचा करार एका वर्षानं वाढवायचा. मी त्याच्या चार वर्षांवर पाणी फिरवलंय, त्याला रस्त्यावर सोडणार नाही."

खानझोडे थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. "मॅडम, तुम्ही मागताय का धमकावताय?"

"जे कळेल ते समजा."

खानझोडे खिडकीपाशी गेले, परत आले. माणूस वाईट नव्हता; संघ चालवायचा, तर सगळ्या बाजूंनी विचार करायची त्यांना खोड लागली होती. "एका अटीवर," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय आपण पहिल्या चारांत आलो पाहिजे. आलो, तर त्याचा करार वाढेल, शब्द देतो. नाही आलो, तर तो जाईल आणि त्याच्याबरोबर तुम्हीही."

"मान्य," संयोगिताबाई म्हणाल्या आणि घड्याळात सहा वाजले.

---

पुढच्या सामन्यात भोजराज शहारे साध्या कपड्यांत बाकावर दिसला तेव्हा प्रेक्षकांनी ओरडून स्टेडियम डोक्यावर घेतलं. सारस चौदा गुणांनी हरले. त्यानंतरचा सामनाही हरले.

भोजराज रोज यायचा, बाकाच्या टोकाला बसायचा, आणि संयोगिताबाईंशी एक शब्द बोलायचा नाही. एकदाच, दुसऱ्या पराभवानंतर, जिन्यात समोरासमोर आल्यावर म्हणाला, "तुमी माझं भलं केलं असं मनात नका आणू, मॅडम. तुमी मले घरी बसवलं." संयोगिताबाईंनी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

त्यात दुसराच पेच उभा राहिला. मॅडमनी पट्टीवरून भोजराजला बसवलं, ही बातमी संघात फुटली होती. सोमवारी सकाळी संयोगिताबाई आपल्या खोलीत आल्या तर टेबलावर आठ पट्ट्या काढून ठेवलेल्या. उद्या आपल्या टाचेतून असाच आवाज निघाला तर, ही भीती प्रत्येकाला होती. दुखतंय की नाही हे आजवर खेळाडूच सांगायचा. आता त्याच्या आधी कुणीतरी दुसराच सांगणार होता.

त्यांनी सगळ्यांना मैदानाच्या मधोमध गोल बसवलं.

"पट्ट्या काढल्या, बरं केलं. मीही काढली असती," त्या म्हणाल्या. "आजपासून आकडा आधी ज्याचा त्याला कळेल. डॉक्टर त्याला खोलीत बोलावून सांगतील. मला सांगायचं की नाही, तो ठरवेल. पण जो मला सांगेल, त्याची जागा या संघातून जाणार नाही. एवढा शब्द मी देते. ज्याला घालायची त्याने घालावी, नाही त्याने घालू नये."

दोन दिवसांत आठपैकी पाच पट्ट्या टेबलावरून गेल्या. तीन तिथंच राहिल्या. संयोगिताबाईंनी त्या तशाच राहू दिल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्या डॉ. काझींच्या खोलीत बसल्या असताना दारातून उजेड येणं बंद झालं. भोजराज उभा होता.

"मले तो आवाज ऐकायचा आहे," तो डॉ. काझींना म्हणाला.

"तो कानाला ऐकू येत नाही, भोजराज. त्याचा सूर फार वरचा असतो."

"खाली आणता येत नाही का? तुमी एवढ्या शिकलेल्या."

डॉ. काझींनी दहा मिनिटं संगणकावर काहीतरी खटपट करून आवाजाचा सूर कितीतरी पटीनं खाली उतरवला. आधी त्यांनी मिहीर रामटेके या साडेसहा फुटी खेळाडूच्या टाचेचा आवाज लावला. त्याला आधी फोन करून विचारलं होतं. स्पीकरमधून शांतता आली. मग एक बारीक 'टक्'. पुन्हा शांतता. बऱ्याच वेळानं आणखी एक 'टक्'.

"हा धावत होता तेव्हाचा आहे," त्या म्हणाल्या. "आता तुझा. काल तू स्टेडियमचा जिना चढलास तेव्हाचा. तेवढाच."

तापलेल्या कढईत धान टाकलं की लाह्या फुटायला लागतात, तसा आवाज खोलीत भरला. तडतड, तडतड, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. भोजराजनं आधी स्पीकरकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. साकोलीला भट्टीवर लाह्या फोडताना त्यानं शंभरदा हा आवाज ऐकला असेल. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"नुसता जिना चढताना?"

"नुसता जिना चढताना."

"बंद करा जी."

खोली शांत झाली. तो खाली जमिनीवरच बसला; त्याच्या उंचीला तिथली खुर्ची पुरत नव्हती. टाच हातात धरली. मग संयोगिताबाईंकडे न बघताच म्हणाला, "काय करा लागते ते सांगा."

---

कंडरेला नुसता आराम देऊन चालत नाही. पडून राहिली तर ती आळसावते आणि विणणं सोडून देते. तिला ओझं हवं असतं, पण बेताचं, आणि सावकाश. खांद्यावर वजन घेऊन टाचा उचलायच्या. सहा आकडे मोजत वर, सहा आकडे मोजत खाली. एक दिवस व्यायाम, मग दोन दिवस धाग्यांना विणायला मोकळे. किती वजन हे पट्टी सांगणार. आवाज वाढला की कमी करायचं, आठवडाभर शांत राहिला की थोडं वाढवायचं.

हजारो प्रेक्षकांसमोर उडी मारणाऱ्या माणसाला हे काम म्हणजे शिक्षाच होती. पहिल्या महिन्यात आकडा एकोणीसशेवरून अठराशेवर आला, बस. दुसऱ्या महिन्यात पुन्हा वाढला. भोजराजनं वजनाची सळई जमिनीवर आपटली आणि तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला आणि काही न बोलता मोजायला लागला. संयोगिताबाई रोज सकाळी साडेसहाला समोर खुर्ची टाकून बसायच्या. दोघं बोलायचे नाहीत. फक्त त्या मोजायच्या, तो उचलायचा. कधीतरी मार्चच्या अखेरीस त्यांच्या लक्षात आलं, की आता मोजतोय तोही, मोठ्यानं, त्यांच्याबरोबर.

तोवर संघानं मान वर काढली होती. उंच माणूस नाही तर नाही, म्हणून संयोगिताबाईंनी सगळ्यांना बाहेरच्या बाहेर अडवायला शिकवलं. बास्केटखाली मिहीर रामटेके उभा राहायचा. तो भोजराजपेक्षा पाच इंचांनी बुटका. सुरुवातीला समोरचे त्याच्या डोक्यावरून चेंडू उचलून न्यायचे. मग एका सरावात भोजराज बाकावरून उठला, मैदानात आला आणि त्यानं मिहीरला मागून कंबरेनं दाबून उभा केला.

"चेंडूकडे पाहू नको ना बे," तो म्हणाला. "चेंडू तर येतेच. मागच्याच्या गुडघ्याकडे ध्यान दे. उडी माराच्या आधी तो गुडघा वाकवते. त्याने वाकवला की तू मागं सरक, त्याची जागाच खाऊन टाक."

मिहीरनं ते उचललं. एप्रिलमधल्या शेवटच्या साखळी सामन्यात सारस जिंकले आणि गुणांच्या फरकावर कसेबसे चौथे आले. उपांत्य सामन्यात एकोणीस गुणांनी हरले, पण चौथे ते चौथेच. दुसऱ्या दिवशी खानझोडेंनी भोजराजच्या नव्या कराराचा कागद स्वतः आणून दिला. "मी शब्द पाळतो, मॅडम," ते म्हणाले. "आवडला नाही तरी."

जूनमध्ये शायनीचा फोन आला. पाच महिन्यांत पहिलाच.

"तुझा भोजराज माझ्याशी तासभर बोलला," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. म्हणाला, मॅडमनी तुम्हाला फसवलं नाही, मी फसवणार होतो." मग म्हणाली, "त्याच वेळी सांगितलं असतं तर मी त्याला घेतलं नसतं, संयो. सरळ नाही म्हटलं असतं. आणि मग त्याला कुणीच घेतलं नसतं."

"माहीत आहे."

"तुझा गुडघा कसा आहे?"

"पायऱ्या उतरताना बोलतो," संयोगिताबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

त्या पावसाळ्यात लीगनं पट्टी सगळ्या संघांना सक्तीची करायचं ठरवलं. आकडा थेट व्यवस्थापकांकडे जाणार होता. खेळाडूंच्या संघटनेची बैठक दिल्लीत झाली. तिथं बोलायला उभा राहिला भोजराज. त्याची हिंदी तोडकीमोडकी, पण त्यानं जाताना डॉ. काझींकडून आपल्या टाचेचा आवाज भरून नेला होता. तो त्यानं सभागृहात ऐकवला आणि मग दोनच मागण्या मांडल्या. आकडा आधी खेळाडूला कळला पाहिजे. आणि ज्यानं तो उघड केला त्याला बरा होईपर्यंत संघानं ठेवलं पाहिजे. हे मान्य होईपर्यंत कुणीही पट्टी बांधणार नाही. सात आठवडे कुणीही बांधली नाही. मग दोन्ही नियम झाले.

---

नोव्हेंबरात नवा हंगाम सुरू झाला. पहिला सामना नागपुरातच, लुधियानाशी. त्यांचा बास्केटखालचा सेंटर सात फूट दोन इंच.

दुपारी डॉ. काझींनी भोजराजला खोलीत बोलावून आकडा सांगितला. बाहेर आल्यावर तो सरळ संयोगिताबाईंकडे आला. "ताशी चारशे," तो म्हणाला. "बारातल्या एकाची तुटते म्हणे. आधीसारखी कधीच होणार नाही म्हणते. मी खेळतो. तुमी किती वेळ ठेवता ते तुमी ठरवा."

"अठरा मिनिटं. एकही जास्त नाही."

"वीस द्या ना जी."

"अठरा."

त्यानं मान डोलावली.

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तो सोळा मिनिटं खेळला होता. शेवटची दोन मिनिटं संयोगिताबाईंनी राखून ठेवली. घड्याळात काही सेकंद उरले असताना सारस एका गुणानं पुढं होते. लुधियानाच्या खेळाडूनं लांबून चेंडू फेकला, तो कडीवर आपटून उंच उडाला, आणि त्याखाली दोन डोंगर एकाच वेळी वर उठले. भोजराजनं त्या उंच माणसाची जागा आधीच खाल्ली होती. त्यानं चेंडू दोन्ही हातांत ओढून घेतला आणि खाली आला. सगळं वजन डाव्या पायावर.

संयोगिताबाई खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांचं चेंडूकडे लक्षच नव्हतं. त्या टाचेकडे बघत होत्या.

टाच टेकली. गुडघा वाकला, सरळ झाला. भोजराजनं चेंडू मिहीरकडे टाकला आणि स्वतः पळत पुढं गेला. घड्याळ संपलं. लोक ओरडत होते, पण सामना जिंकल्याबद्दल. त्या क्षणी न घडलेली गोष्ट कुणालाच दिसली नव्हती.

प्रेक्षक निघून गेल्यावर वरच्या काचेच्या खोलीत डॉ. काझी संयोगिताबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. मांडीवरच्या लॅपटॉपवर अजून आकडे सरकत होते.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "गेल्या जानेवारीत मनात एकदा येऊन गेलं होतं, की त्याला खेळू द्यावं. तुटली असती तर माझं यंत्र बरोबर ठरलं असतं. लाज वाटली नंतर."

संयोगिताबाईंनी पाण्याची बाटली त्यांच्यापुढं केली.

"आता पुढच्या महिन्यात निबंध पाठवायचाय. चाळीस सामन्यांत तुटेल असं भाकीत केलं होतं, ती तुटली नाही. त्याला सामनेच खेळू दिले नाहीत म्हणून, पण तक्त्यात त्याला रकाना नाही. भोजराज शहारेची नोंद चुकलेला अंदाज म्हणून होणार."

खाली भोजराज एकटाच मैदानात होता. खांद्यावर टॉवेल, बूट हातात, अनवाणी. दार ओलांडताना सवयीनं वाकला आणि दिसेनासा झाला.

"होऊ द्या, डॉक्टर," संयोगिताबाई उठत म्हणाल्या. "यंदा उरलेल्या अकरांच्या बाबतीतही असंच चुकायचंय आपल्याला. सकाळी साडेसहाला या."